सात हात, एक मोहोळ, २५६ अक्षरं

सात खेळाडूंनी मिळून एकच जीव खेळायचा, आणि तो जीव माणूस नाही. आमच्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर, म्हणजे ठोकळ्यांच्या जगाच्या त्या ऑनलाइन खेळात, गेलं वर्षभर हे चालू आहे. खेळाची जावा आवृत्ती, दर शनिवारी रात्री अडीच तास, मधल्या दिवसांत डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर लिखाण. परग्रहावर उतरलेल्या माणसांची एक वस्ती आहे, तिच्यात नऊ खेळाडू. त्या ग्रहावर आधीपासून जे आहे ते म्हणजे आम्ही सात जण. त्याला जमात म्हणणंही तसं चूकच, कारण मोजायला गेलं तर तिथे एकच आहे. शिवाय खेळ चालवणारा एक सूत्रधार, तो कुणाच्याच बाजूचा नाही. मोहोळातले सगळे नागपूरचे: तिघं त्रिमूर्तीनगरात, दोघं धरमपेठेत, एक महालात, एक मनीषनगरात. पत्त्यांचा हा तपशील पुढे कामाला येतो.

नाव मोहोळ ठेवलं, कारण नमुना डोक्यावरच लटकत होता. इथे पाण्याच्या उंच टाक्यांखाली, इमारतींच्या सज्ज्यांना आग्या मोहोळं असतात. उघड्यावर एकच मोठं पोळं, त्यावर माश्यांचा जिवंत थर. गांधीलमाशी जवळ घिरट्या घालू लागली की एक माशी पोटाचा मागचा भाग झटक्यात वर उचलते, मग शेजारची, मग तिच्या शेजारची, आणि सेकंदाच्या आत अख्ख्या पोळ्यावरून लाट सरकून जाते. हुकूम कुणाचाच नसतो.

तरी पहिल्या रचनेत आम्ही राणी केलीच. एकानं सांगायचं, सहांनी करायचं. दोन शनिवारांत सहाही जण वैतागले, कारण हे समूहमन नव्हतं, एक मालक आणि सहा गडी होते. खऱ्या पोळ्यातही राणी हुकूम सोडत नाही, ती अंडी घालते. दुसरी रचना उलट्या टोकाची: एकाला कळलं ते सगळ्यांना त्याच क्षणी कळलं असं धरायचं. कागदावर हे फार सुंदर दिसतं. खेळात काय होतं? एक जण वस्तीच्या वेशीवर तहाच्या अटी ऐकतोय, दुसरा त्याच मिनिटाला त्यांच्याच वावरातले बटाटे उपटतोय. ज्यानं अटी ऐकल्या त्याला टाइप करायला वेळ लागणार, जो बटाटे उपटतोय त्याच्यामागे क्रीपर (जवळ येऊन फुटणारा राक्षस) लागलाय, तो वाचणार कधी? माणसांनी विचारलं, ‘तुम्हाला तर सगळं एकदम कळतं ना?’ याला उत्तर नव्हतं.

तेव्हा सगळी नियमावली फाडून एकाच प्रश्नावर बसवली: एका देहाला कळलेलं दुसऱ्या देहाला कधी, किती आणि कशातून कळतं? आणि उत्तर कल्पनेतून न आणता खेळाच्या मर्यादांमधून आणायचं. खेळ जिथे अडवतो तिथे त्या जीवाचं शरीरच तसं आहे असं मानायचं. गप्पांच्या चौकटीत एका वेळी २५६ अक्षरंच मावतात? मग मोहोळाचा एक विचार तेवढाच लांब असतो. टाइप करायला वेळ लागतो? मग त्याच्या नसा मंद आहेत.

त्यातून दोन थर ठरले. पहिला थर चाहूल. ही कितीही अंतरावर, लगेच जाते, टीम मेसेजच्या कमांडनं. पण जास्तीत जास्त तीन शब्द: दिशा, संख्या, धोका. ‘पूर्व तीन आग.’ नाव नाही, कारण नाही, वर्णन नाही. तीनच शब्द का, तर पळता पळता तेवढेच टाइप होतात आणि लढता लढता तेवढेच वाचले जातात. दुसरा थर वृत्त. कोण आलं, काय म्हणालं, कुठे काय पुरलंय, हे सगळं फक्त दिवेलागणीला, आणि फक्त घरट्याच्या, म्हणजे आमच्या तळाच्या, खांबापासून १६ ब्लॉकच्या (ठोकळ्यांच्या) आत जे देह असतील त्यांच्यातच. जो बाहेर राहिला त्याला ते दुसऱ्या दिवशी.

माइनक्राफ्टचा दिवस २० मिनिटांचा. अडीच तासांत साडेसात दिवस होतात, म्हणजे एका बैठकीत सात दिवेलागणी मिळतात. प्रत्येकीला आम्ही घड्याळाचं दीड मिनिट धरतो. एका देहानं एकच ओळ टाकायची, २५६ अक्षरांच्या आत, आणि ती आधीच वहीत लिहून ठेवायची. दीड मिनिटात नवं वाक्य जुळवायला गेलं की अर्धवटच पाठवलं जातं.

इथे एक खोड निघाली. माणसांच्या वस्तीतले लोक रात्री बिछान्यावर झोपले की रात्र उडते आणि पुढची दिवेलागण वेळेआधी येते. आमची गणितं कोलमडायची. उपाय सोपा: झोपणाऱ्यांच्या टक्केवारीचा जो गेमरूल (सर्व्हरवर बदलता येणारा खेळाचा नियम) आहे तो १०० च्या वर नेऊन ठेवला, मग कितीही जण झोपले तरी रात्र उडत नाही. पण खेळातले तीन दिवस न झोपलेल्यांच्या डोक्यावर खेळ फँटम नावाचे उडते राक्षस सोडतो, आणि मोहोळ तर झोपतच नाही. म्हणून निद्रानाशाचा गेमरूलही बंद करावा लागला. या खेळात एक नियम बदलला की त्याच्या शेपटीला बांधलेला दुसरा निघतोच.

देहांना आम्ही ‘हात’ म्हणतो. ‘एक हात विहिरीत पडला’, ‘दोन हात वेशीवर आहेत’. आणि जो खेळाडू त्या रात्री येऊ शकला नाही त्याचा देह म्हणजे ‘हातचा’. बेरजेत धरतात तसा. हातचा घरट्यात मिटून बसलाय असं धरायचं, तो मोजला जातो, वापरला जात नाही. पाहुणे माणूस-खेळाडूही आता विचारतात, ‘आज हातचे किती?’

भाषेवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो वाया गेला नाही. ‘मी’ टाळायचं हे कुणालाही सुचतं. पण मराठीत ‘मी’ न लिहिताही माणूस सापडतो, क्रियापदाच्या शेपटीत. ‘येईन’ लिहिलं की संपलं, तो एकटा आहे. ‘येऊ’ हवं. वर्तमानकाळात गंमत अशी की ‘येतो’ हे मुलाचं एकट्याचं रूपही आहे आणि ‘आम्ही’चंही, त्यामुळे मुलांच्या चुका लपतात. मुली सवयीनं ‘येते’ लिहितात आणि लगेच उघड्या पडतात. त्यातून नागपुरी हात घाईत असला की बोटांतून घरची बोलीच उतरते: ‘थांबा न बे, येऊन राहिली.’ एकाच ओळीत दोन-दोन चुका. बोली आम्ही तोडली नाही, उलट वापरली. ‘पाहून राहिलो’, ‘मोजून राहिलो’ हे चालू असलेलं रूप मोहोळाला शोभतं, त्याचं कुठलंच काम संपल्यासारखं वाटत नाही. फक्त रूप नेहमी ‘राहिलो’. ‘बे’ मात्र हद्दपार. ‘बे’ म्हणायला समोर कुणी दुसरा लागतो, आणि मोहोळाच्या आत दुसरा नाही.

खरा खजिना आहे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यातल्या भेदात. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. मोहोळ बाहेरच्याशी बोलताना नेहमी ‘आम्ही’च म्हणतं. ते ‘आपण’ म्हणालं तर त्याचा अर्थ एकच: ऐकणाऱ्याला आत घेतलंय, किंवा घ्यायचं ठरलंय. वस्तीच्या वैद्यानं जखमी हाताला पट्टी बांधली तेव्हा दिवेलागणीनंतर तीन हात त्याच्या दारात येऊन उभे राहिले आणि एकानं लिहिलं, ‘आपण बरे झालो.’ गप्पांच्या चौकटीत पुढचं अर्धं मिनिट कुणीच काही टाइप केलं नाही. तलवार काढूनसुद्धा एवढी भीती बसत नाही. अर्थात हा शब्द स्वस्त करायचा नाही. दिवेलागणीला चार हातांनी मान्य केल्याशिवाय ‘आपण’ उच्चारायचं नाही, आणि समोरच्या खेळाडूला खेळाबाहेर आधी विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. पात्र त्याचं आहे. ते गिळायचं की नाही हा निर्णय मोहोळाचा नव्हे.

तसंच ‘तुम्ही’. मोहोळाला एकवचन कळत नाही, म्हणून समोर एकटा माणूस असला तरी ते ‘तुम्ही’ म्हणतं. माणसाला वाटतं आदर दिला. मोहोळाच्या लेखी ते अनेकवचनी सर्वनाम आहे, बस. एकानं मध चोरला तर ‘तुम्ही चोरलं’, म्हणजे नऊच्या नऊ जणांनी. सरपंचाला वाटलं आपल्यालाच अहो-जाहो करून राहिलेत. पुढच्या तीन बैठका या एका सर्वनामावर चालल्या, आणि सूत्रधाराला वेगळं संकट शोधावं लागलं नाही.

लिपीचं थोडक्यात. जावा आवृत्तीत देवनागरी दिसते, पण नीट जुळत नाही, काना-मात्रा आणि जोडाक्षरं सुटी पडतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. म्हणून खेळात सगळं रोमन लिपीतलं मराठी, देवनागरी फक्त डिस्कॉर्डवर. तिथे संदेशाची मर्यादा २००० अक्षरांची. तीही डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नव्हे: ‘क्षेत्र’ दिसायला दोन अक्षरं, पण यंत्राच्या हिशेबी हलन्त, मात्रा धरून सात. देवनागरीत अंदाज बांधताना दिसेल त्याच्या दुपटीहून जास्त धरावं.

आता दिसणं. सातही जणांनी एकच स्किन, म्हणजे देहावर चढवायचं चित्र, लावायची, ६४ गुणिले ६४ पिक्सेलची. लावली. तरी दुसऱ्याच शनिवारी माणसं म्हणू लागली, ‘तो बारक्या हातांचा आला.’ शोधल्यावर सापडलं: स्किनचे दोन साचे असतात, एकात बाहू चार पिक्सेल रुंद, दुसऱ्यात तीन. दोघांचा साचा बारीक होता. तो सारखा करावा लागतो, शिवाय टोप्या-केप बंद, आणि मुख्य हात उजवा की डावा तेही एकच. डोक्यावरची नावं टीमच्या सेटिंगमधून दोन्ही बाजूंसाठी ‘कधीच नाही’वर. माणसांची नावं आम्हालाही दिसायला नकोत. मोहोळ व्यक्ती ओळखत नाही असं म्हणायचं आणि पडद्यावरचं नाव वाचून वागायचं, हे ढोंग चार मिनिटांत पकडलं जातं.

स्किन सारखी झाली तरी चाल सांगून जाते. कुणी धावता धावता उड्या मारतो, कुणी उगाच गोल फिरतो, कुणी थांबला की माऊस हलवत राहतो. म्हणून ठरवलं, चाहूल नसेल तर हात चालतात, धावत नाहीत. चालण्याचा वेग सेकंदाला साधारण ४.३ ब्लॉक, धावण्याचा ५.६. सगळे चालू लागले की दुरून पाहणाऱ्याला कोण कोण ते कळेनासं होतं. हा नियम पाळणं सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त परिणाम त्याचाच होतो.

गप्पांच्या चौकटीत नाव येतं त्याचं काय? प्लगइननं (सर्व्हरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमनं) सातही जणांचं टोपणनाव ‘मोहोळ’ करून पाहिलं. मग कुठला देह बोलतोय तेच कळेना, माणसं रिकाम्या भिंतीशी बोलू लागली. शेवटी नावापुढे जागा लावली: मोहोळ-विहीर, मोहोळ-वेस, मोहोळ-खांब. हात जिथे उभा आहे ते त्याचं नाव. विहिरीवरून वेशीवर गेला की नाव बदलतं. खऱ्या खात्यांची नावं सूत्रधाराच्या नोंदीत राहतात, त्यामुळे कुणी वावगं लिहिलं तर सापडतोच.

निर्णय कसा घ्यायचा, यावर मतदान करून पाहिलं. मतदान म्हणजे सात माणसांची सोसायटीची मीटिंग. त्यापेक्षा मधमाश्यांची पद्धत बरी निघाली. नवी जागा शोधणाऱ्या माश्या आपापल्या जागेसाठी नाचतात, आणि एका जागेवर पुरेशा माश्या जमल्या की थवा उठतो. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत वाट पाहत नाहीत. आमच्याकडे गणसंख्या चार. एखादा हात काम करू लागतो, पटलं तर दुसरा बोलण्याऐवजी तेच काम करू लागतो. चौथा लागला की उरलेल्या तिघांनी हातातलं टाकून यायचंच. विरोधालाही माश्यांचाच दाखला आहे: नाचणाऱ्या माशीला दुसरी डोक्यानं ढुसणी देते, तो थांबण्याचा इशारा. आपसातली मारामारी आमच्या टीममध्ये बंद आहे, त्यामुळे ढुसणी देता येत नाही. त्याऐवजी समोर जाऊन दोनदा पटकन वाकायचं. दोन वेगवेगळ्या हातांनी असा इशारा दिला तर काम सुटतं. या सगळ्यात एक शब्दही टाइप करावा लागत नाही, हा खरा फायदा.

आणि ती लाट. माणसं शस्त्रं घेऊन घरट्याकडे आली तर सात हात तटावर ओळीनं उभे राहतात आणि डावीकडून उजवीकडे एकेक वाकून उठतो. आग्या मोहोळाची नक्कल. पहिल्यांदा केली तेव्हा हसू झालं. आकडे मोजून करत होतो: पहिला एकला, दुसरा दोनला. प्रत्येकाचं इंटरनेट वेगळं, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) वेगळा, त्यामुळे तिसरा दुसऱ्याच्या आधी वाकायचा आणि सहावा आठवण आल्यावर. लाट कसली, दात पडलेला कंगवा. मोजणं सोडलं. आता नियम एवढाच: डावीकडचा पडद्यावर वाकलेला दिसला की आपण वाकायचं, बाकी कुठेही पाहायचं नाही. प्रत्येकाच्या प्रतिक्रियेचा पाव सेकंद आणि पिंग मिळून लाटेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-अडीच सेकंद लागतात, पण ती तुटत नाही. उशीर सगळीकडे आपोआप वाटला जातो. एका अडचणीला मात्र औषध नाही. डावीकडच्याचंच कनेक्शन गोठलं तर लाट तिथेच थांबते आणि उजवीकडचे हात वाट पाहत ताठ उभे राहतात. समोरून ते जास्तच भयानक दिसतं असं माणसं सांगतात.

आवाजाचं प्रकरण वेगळं. सातांनी एका सुरात बोलायचं म्हणून व्हॉइसवर प्रयत्न झाले. २०२० च्या गणपतीत ज्यांनी व्हिडिओ कॉलवर आरती म्हटली असेल त्यांना पुढचं सांगायला नको. प्रत्येकाला दुसऱ्याचा आवाज उशिरा ऐकू येतो, तो थांबतो, मग पहिला थांबतो, टाळ्या एकीकडे, शब्द दुसरीकडे. एकसुरात बोलणं इंटरनेटवर होत नाही, सोडून द्यावं. चालतं ते हाकेला साद. मारबतीच्या मिरवणुकीत एक जण ‘इडा पीडा’ ओरडतो आणि पुढचं सगळी गल्ली पूर्ण करते, तसं. एका हातानं अर्धं वाक्य टाकायचं, दुसऱ्यानं पुढचं. लिखाणातही हेच. ओळीच्या शेवटी पूर्णविराम नसेल तर वाक्य उघडं आहे, कुणीही हात ते पुरं करू शकतो. दोघांनी एकदम दोन वेगळे शेवट टाकले तर खोडायचं नाही. ‘आम्ही तुमचं पाणी’ — ‘देऊ’ — ‘बंद करू’. दोन्ही राहू द्यायचे. मोहोळाचं ठरलेलं नाही एवढंच त्यातून कळतं, आणि मग हात ज्या बाजूला जमतील तो शेवट खरा.

एप्रिल-मेमध्ये माइकमधून कूलरचा आवाज येतो. सात घरांतले सात कूलर. डिस्कॉर्डची आवाज गाळणी चालू केली की तो जातो, पण शब्दांची टोकंही जातात. शेवटी आत गाळणी बंद ठेवली. बाहेरच्यांना घरट्याजवळ तेवढी घरघर ऐकू येते, आणि त्यांना तो मुद्दाम लावलेला आवाज वाटतो. आम्ही दुरुस्ती केली नाही.

या खेळाचा पायाच एकट्या खेळाडूवर उभा आहे, ते सारखं आडवं येतं. एंडर चेस्ट हे सगळ्यात मोठं पाप: एकच पेटी, पण उघडणाऱ्या प्रत्येकाला आपापला माल दिसतो. मोहोळात खासगी खण कसा असेल? बंदी. साध्या पेट्या, आणि प्रत्येक दिवेलागणीला अंगावरचं सामान पेटीत, फक्त एक हत्यार आणि खाणं ठेवायचं. कुणाला काही साध्य झालं की खेळ त्याचं नाव जाहीर करतो, ती घोषणा गेमरूलनं बंद. मेल्यावर येणारा संदेश टीमच्या सेटिंगमधून इतरांपासून लपवायचा. अनुभवाचे गुण मात्र वाटता येत नाहीत, त्यावर तोडगा मिळाला नाही. जादूचं काम करायचं तर ज्या हाताकडे गुण आहेत तोच जातो, आणि तो कोण हे माणसांना हळूहळू कळतंच.

घरट्याच्या नसा म्हणून स्कल्क सेन्सर, म्हणजे कंपनं ऐकणारे ठोकळे, लावलेत. प्रत्येक सेन्सर आठ ब्लॉकपर्यंतची हालचाल पकडतो, रेडस्टोननं (खेळातल्या विजेनं) पुढे नोट ब्लॉक, म्हणजे सुराचा ठोकळा, वाजवतो. चार दिशांना चार सूर. चाहूल कुठून आली ते कानाला कळतं, टाइप करायची गरज नाही. वाकून चालणाऱ्याची पावलं त्याला ऐकू येत नाहीत आणि मध्ये लोकरीचा ब्लॉक असला तर कंपन अडतं. हे माणसांना तिसऱ्या आठवड्यात समजलं, आणि चौथ्यात ते लोकर अंथरत आले. आम्ही ‘ऐकलं नाही’ हे प्रामाणिकपणे मान्य केलं. पडद्याच्या कडेला ते ढळढळीत दिसत होते, पण त्या बाजूला तोंड केलेला हात नव्हता. अशा वेळी मान वळवायचा मोह आवरणं म्हणजेच हा खेळ.

मरण हा सगळ्यात वादाचा मुद्दा. बहुतेक सर्व्हरवर नियम असतो की मेलेल्या पात्राला मरणाआधीचं आठवत नाही. मोहोळाला आठवायला हवं, कारण देह गेला म्हणून मन जात नाही. पण तसं केलं की खेळाडू मरणाला बैलगाडी करतात: लांब गेलो, टेहळणी केली, दरीत उडी टाकली, नवा जन्म घरट्यात. फुकट प्रवास. शिवाय ज्याला मरणाचं काहीच वाटत नाही त्याच्याशी लढायला समोरच्यालाही मजा येत नाही. म्हणून किंमत ठेवली. मेलेला हात पुढच्या दिवेलागणीपर्यंत घरट्यात मिटून बसतो, चाहूलही देत नाही. मरताना त्यानं चाहूल दिली असेल तेवढीच पोचली, वृत्त बुडालं. पडलेलं सामान पाच मिनिटांत नाहीसं होतं, ते आणायला जायचं की नाही हे हातांनी जमून ठरवायचं. शोक नाही, पण हिशेब आहे.

दुसरी किंमत आम्हाला जास्त आवडते. हात कमी झाले की मोहोळ मंदावतं. चार किंवा जास्त: नवा निर्णय घेता येतो. तीन: शेवटी ठरलेलं तेच करत राहायचं, मग ते कितीही मूर्खपणाचं झालेलं असो. दोन: सगळं सोडून घरट्याकडे. माणसांना यातून डाव मिळाला. ते आता मोहोळाशी लढत नाहीत, आधी हात पांगवतात आणि मग परिस्थिती बदलतात. एकदा तीन हात अर्धा तास रिकाम्या वावराभोवती कुंपण बांधत राहिले, कारण शेवटचं ठरलेलं काम तेच होतं. वावर माणसांनी केव्हाच सोडलेलं होतं.

इथे पत्ते कामाला येतात. मे महिन्यात लाइट जाते. त्रिमूर्तीनगरातले तिघं विजेच्या एकाच फीडरवर, तिघं एकदम गळतात. खेळाडू सर्व्हरवरून गेला की त्याचा देहही जगातून गायब होतो. सातातून तीन गेले तरी चार उरतात, निर्णय चालू राहतो. पण त्या रात्री धरमपेठेतला एक आधीच हातचा असेल तर मोहोळ मधल्या वाक्यात मंद होतं. म्हणून एका मोहल्ल्यातून तीनपेक्षा जास्त हात घ्यायचे नाहीत हा भरतीचा नियम आहे. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणि लॅपटॉपची चार्ज केलेली बॅटरी, एवढ्यानं एक दिवेलागण तरी निघते. गळालेला हात परत आला की त्याला आधी घरट्यात यावं लागतं. मधलं काही विचारायचं नाही, फोनवर तर नाहीच. खरी फसवणूक इथेच होते, वाईट हेतूनं नव्हे, सवयीनं: ‘काय झालं बे मधात?’ असा मेसेज येतो आणि मित्र उत्तर देतो.

त्यासाठी रोजमेळ ठेवलाय. साधी शीट, चार रकाने: काय कळलं, कुठल्या जागी कळलं, चाहूल की वृत्त, कितव्या दिवेलागणीला घरट्यात आलं. बैठकीत कुणी एक जण भरत नाही. प्रत्येकानं आपल्या ओळी बैठक संपल्यावर दहा मिनिटांत भरायच्या. माणसांना शंका आली की सूत्रधार रोजमेळ आणि टीम मेसेजची नोंद समोरासमोर ठेवतो. शिवाय तो स्पेक्टेटर मोडमध्ये, म्हणजे फक्त पाहणारा म्हणून असतो, कुठल्याही हातावर क्लिक करून त्याच्याच डोळ्यांनी पाहू शकतो. रोजमेळात नसलेली गोष्ट मोहोळाला माहीत नाही, मग सातही खेळाडूंना ती पाठ का असेना. या एका वहीमुळे ‘चीटिंग करून राहिले’ ही तक्रार जवळजवळ बंद झाली.

डिस्कॉर्डवरच्या लिखाणात टपरबॉक्स नावाचा बॉट वापरतो. खूण लावून लिहिलं की तो मूळ संदेश काढून तोच मजकूर पात्राच्या नावानं आणि चित्रानं टाकतो. सातही जणांनी आपापल्या खात्यात एकच नाव, एकच चित्र नोंदवायचं. बॉटनं टाकलेला संदेश नेहमीसारखा एडिट करता येत नाही, म्हणून शुद्धलेखन आधीच तपासावं. तिथेही २००० अक्षरं न वापरता २५६ चीच मर्यादा पाळतो, नाहीतर खेळात तुटक बोलणारं मोहोळ बुधवारी अचानक निबंध लिहू लागतं.

एक हात उरला तर काय, हे नियमावलीत सुरुवातीपासून आहे: एकटा उरलेला हात ‘मी’ म्हणू शकतो. तेवढ्याच वेळापुरता. वर्षभरात ते एकदाच झालं. चार हात पडले, दोन लाइटमुळे गेले, एक वेशीवर उभा होता. त्याला नऊ माणसांनी घेरलं होतं आणि सरपंचानं विचारलं, ‘तुम्हाला काय हवंय?’ खेळणाऱ्याला नियम पाठ होता, तरी चौकटीत बराच वेळ काही उमटलं नाही. मग आलं: ‘मी कोणता?’ माणसांनी त्याला मारलं नाही. दिवेलागण होईपर्यंत सगळे तिथेच उभे राहिले, मग मोहोळ-वेस चालत घरट्याकडे गेला, चालतच, ४.३ च्या वेगानं. ते ‘मी’ वृत्तात द्यायचं की नाही, यावर रोजमेळात ती ओळ अजून कोरी आहे.

सध्या दुसऱ्या घरट्याची तयारी चाललीय. आठवण तिकडे न्यायची ती पुस्तकातून, जावा आवृत्तीत एका पुस्तकाला १०० पानं. सही केलेल्या मूळ पुस्तकाची नक्कल होते, नकलेची नक्कलही होते, पण त्या दुसऱ्या नकलेची पुढे होत नाही. म्हणजे तिसरं घरटं आठवण ठेवेल, पण पुढे देऊ शकणार नाही. आम्ही हा नियम बदलणार नाही. पहिल्या घरट्यातून काय लिहून न्यायचं याची यादी ३१ पानांवर आलीय, आणि दोन हातांनी बटाट्याच्या पानासमोर उभं राहून दोनदा वाकून दाखवलंय.